लाईट नका लावू
जयवंताबाईंना प्रोजेक्टर हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी लेकीचं डोकं खाऊन ठेवलं होतं. आता तुम्ही म्हणाल, या वयात बाईला होम थिएटर कशाला? लेक नंदिनीही तेच म्हणायची. "टीव्ही आहे ना घरात! काहून पाहिजे तुले भिंतभर सिनेमा?" पण बाई ऐकतील तर शपथ. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत खिडक्यांवरची राख पुसण्यात अर्धा जन्म गेलेला, हट्टाला काय कमी असणार!

सिनेमा त्यांना बघायचाच नव्हता. बघायचा होता नवरा. नागसेन दोन वर्षांपूर्वी गेले, नातीचा वाढदिवस झाला त्याच आठवड्यात, झोपेतच. वाढदिवसाचा व्हिडिओ नंदिनीच्या मोबाइलवर होता. केक आला की आधी लाईट बंद करायचे, ही कुठली रीत कोण जाणे, पण केले होते बंद. मेणबत्त्या आणि नातीचे फुगलेले गाल, एवढंच काय ते दिसायचं. मागे सगळा काळोख, आणि त्यातून नागसेनचा आवाज, "लाईट नका लावू गा कोणी. राहू द्या थोडा वेळ." म्हातारा रंगात आलाय म्हणून सगळे हसले होते.

मोबाइलवर त्यांचा चेहरा काही दिसायचा नाही. चष्मा कपाळावर ढकलून जयवंताबाई स्क्रीन नाकाला लावायच्या, तरी नाही. आणि खरं सांगू का, तो आवाज त्यांच्या मानगुटीवरच बसला होता. संध्याकाळ झाली की लेकीच्या प्रताप नगरच्या घरात बाईंचा हात बटणापर्यंत जायचा, आणि मागून कुणीतरी म्हणायचं, लाईट नका लावू. हात खाली. नंदिनी ऑफिसातून यायची तेव्हा आई अंधारात बसलेली. "भूत लागलं का वं तुले?" ती आधी ओरडायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायची. चेहरा एकदा दिसला की आईचा जीव थंड होईल, असं म्हणून शेवटी तिनंच हात टेकले आणि आईला बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात नेलं.

दुकानातला सेल्समन हर्षित बोलायला गोड. पडदे ओढून त्यानं भिंतीवर रंगीत मासे सोडले. "मावशी, हा पाहा, सस्ता अन् मस्त."

"मासे नको दाखवू बापा. हे लाव." बाईंनी व्हिडिओ भरून आणलेला पेन ड्राइव्ह पुढे केला.

त्या स्वस्त प्रोजेक्टरवर अंधार अंधारासारखा दिसेचना. सगळं राखाडी, राख उडाल्यासारखं. दुसऱ्यावरही तेच. "काळं नीट दिसायले जरा वरचा घ्या लागते," हर्षित म्हणाला. "पण खोलीत अंधार पाहिजे हं मावशी. लाईट लावला की चित्र गेलं. या बजेटमध्ये तेवढं चालवून घ्या."

तिसरा लावला. आधी दाराची चौकट दिसली, मग शर्टाची बाही, मग नागसेन. चौकटीला टेकून उभे. एक हात छातीवर आवळलेला, ओठ दाताखाली, तोंड कळवळलेलं. हातभर पुढे टाळ्या वाजवत जयवंताबाई, त्यांच्याकडे पाठ करून. नागसेननी हात लांबवला, बायकोच्या खांद्यापर्यंत आणला, आणि मागे घेतला. मग म्हणाले, "लाईट नका लावू गा कोणी."

आग लागो त्या मशीनला! नंदिनी ओरडलीच, "बंद करा ते!" हर्षितनं घाबरून बंद केलं. "आई, तो पहिलाच घेऊ आपण. साधा. चांगला आहे तो."

जयवंताबाई रिकाम्या भिंतीकडे बघत होत्या. "हाच बांधून दे बापा."

"काहून पण?"

"त्या दिवशी मी पाठ करून उभी होती वं. आता तरी तोंड करून बसीन."

त्याच संध्याकाळी हॉलमधलं कॅलेंडर उतरवून भिंत मोकळी केली. नंदिनी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली, तिला पुन्हा ते बघवणार नव्हतं. बाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या. नातीनं गाल फुगवले, लोकांनी गाणं म्हटलं. चौकटीत नागसेन, खऱ्यापेक्षा मोठे. हात लांबला तसा बाईंचा खांदा आपसूक त्या बाजूला झुकला. हात मागे गेला.

"लाईट नका लावू गा कोणी."

जयवंताबाई उठल्या. गुडघा धरत बटणापर्यंत गेल्या. या खेपेला हात खाली आला नाही. त्यांनी बटण दाबलं. भिंत पांढरी पडली आणि नागसेन दिसेनासे झाले. मागचं हसणं तेवढं ऐकू येत राहिलं.

"अवो," त्या भिंतीला म्हणाल्या, "लावला लाईट. आता सांगा, कुठं दुखून राहिलं तुमचं?"