ओठांच्या मापाचा उसासा

चेन्नईत नुंगंबाक्कमला आमच्या बँकेच्या वरच एक डबिंग स्टुडिओ होता. तिथली एक बाई दुपारी खाली कॉफीला यायची. साठीची, तंजावरी मराठी घरातली. जपानी ॲनिमे सिनेमांतल्या म्हाताऱ्यांना ती इंग्रजीत आवाज द्यायची. साडी नेहमी जुनी, मऊ झालेली, कारण खळ घातलेली साडी माइकसमोर सळसळते. बांगड्यासुद्धा काढून रुमालात बांधलेल्या.

कॉफी निवत ठेवून ती मोबाइलवर आवाज बंद करून प्रसंग बघायची. चित्रातलं तोंड उघडलं की तिचं बोट अलगद टेबलावर टेकायचं. तेवढ्याच मापात इंग्रजी वाक्य बसवायचं असायचं. बघता बघता मीही ओठ हलवायला लागायचे.

एकदा पडद्यावरची म्हातारी उंबऱ्यावर बसत होती.

"हिचं वाक्य संपतं," ती म्हणाली, "पण तोंड आणखी एकदा उघडतं. तिथं मी आमच्या आईचा उसासा घातला. बसताना सोडायची तसा."

तिनं निवलेली कॉफी एका घोटात संपवली.

"तिचे फोटो पुष्कळ आहेत हो. आवाज कुणीच ठेवला नाही."

पुढे माझी अड्यारला बदली झाली. परवा दुपारी लेक सिनेमा बघत होती आणि मी भाजी निवडत होते. अचानक आपलंच कुणी दमून शेजारी टेकल्यासारखं वाटलं. मान वर केली, तर तीच म्हातारी, तोच उंबरा.

तेवढाच भाग मी लेकीला तीनदा लावायला लावला. शेवटी नावं सरकायला लागली तशी चष्मा लावून पुढे जाऊन बसले. एकेक नाव वाचलं. मग लक्षात आलं, मी तिला नाव कधी विचारलंच नव्हतं.