दाजींचा ज्वालामुखी

ज्वालामुखीवर आमच्या दाजींइतका जीव टाकणारा माणूस, जिथे खरेखुरे ज्वालामुखी आहेत तिथेही सापडणार नाही, मग पारनेरची काय कथा! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हायस्कुलात भूगोलाचे मास्तर. या गृहस्थाने उभ्या जन्मात समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. पण पृथ्वीच्या पोटात काय खदखदतंय ते मात्र घरच्या चुलीवरचं असल्यासारखं सांगायचे. एस.टी. स्टँडवर गोटीसोडा मागवला की बाटली आधी चारचौघांना दाखवणार. "आत वायू कोंडलाय. दिसतोय का? न्हाई. आता गोटी दाबतो, बघा!" फेस उसळून शेजारच्या कंडक्टरच्या तोंडावर उडाला, तरी यांचा चेहरा खुललेला. पण त्यांचा खरा जीव ताईच्या पिठल्यावर. ते रटरटायला लागलं की हे पाट घेऊन चुलीपुढे. ताईला पातेल्यावर झाकण म्हणून ठेवू देत नसत. चुलीमागची भिंत पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती, आणि दिवाळीलासुद्धा तिला चुना लावायची ताईची छाती नव्हती.

बाहत्तरच्या दुष्काळात हे वेड त्यांच्या अंगाशी आलं. मास्तर पोरांना जिल्ह्यातल्या नद्या शिकवायच्या सोडून नुसता धूर आणि राख शिकवतात, अशी तक्रार हेडमास्तरांनी वर केली. तपासणीला साहेब येणार होते. शेरा वाईट पडला तर भूगोलाचे तास कवायतीच्या मास्तरांकडे जायचे. दाजी दोन दिवस जेवले नाहीत. मला म्हणाले, "बदली करा, कुठंबी पाठवा. पण भूगोल काढला तर मी वर्गात जाऊन करू काय?" एरवी मी त्यांची टिंगल करायचो, पण त्या दिवशी गुमान ताट वाढून त्यांच्यापुढे सरकवलं.

साहेबांचं जेवण आमच्या ताईकडे होतं. स्वयंपाकघराच्या दारातच त्यांनी दाजींना अडवलं. "मास्तर, एक सांगा. काही ज्वालामुखी स्फोट होऊन फुटतात, काही नुसते वाहतात. असं का?"

दाजींचे डोळे लकाकले. "आत या साहेब, दाखवतोच!"

चुलीवर पिठलं होतंच. साहेब वाकले, हेडमास्तर वाकले, मीही वाकलो. पिठलं मुकाट्याने बुडबुडत राहिलं. एक शिंतोडा उडेल तर शपथ! झालं होतं असं, की हेडमास्तर ऐनवेळी आगंतुक आले, आणि माणूस वाढलं की आमच्याकडे पिठल्यात पाणी वाढतं. ताईने तांब्याभर ओतलं होतं. हेडमास्तर मिशीत हसले.

दाजींनी पळीने पिठल्याची पातळ धार सोडून बघितली. मग मांडीवर थाप मारून ओरडले, "हा आपला काळा पत्थर, साहेब! तो ज्या लाव्ह्यातून झाला, तो असाच पातळ हुता. वायू सुटत गेला, लाव्हा गुमान पसरत गेला. आता घट्ट लाव्हा बघा." आणि त्यांनी डब्यातलं बेसन मुठीमुठीने पातेल्यात टाकून घोटायला सुरुवात केली.

"अवो, गुठळ्या व्हतील!" ताई किंचाळली.

"होऊ दे! घट्टात वायूला वाट सापडत न्हाई, कोंडतो, दाब वाढतो, आणि मग..."

फट्! पहिला गोळा साहेबांच्या पांढऱ्या कोटावर, दुसरा थेट हेडमास्तरांच्या मिशीवर. साहेब दचकले, कोटाकडे बघत राहिले, आणि खदखदून हसले. "तीस वर्षं पुस्तकात वाचतोय. आज कळलं!" गुठळ्यांचं पिठलं त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि हात धुऊन शेरा लिहिला: भूगोल यांच्याकडेच राहावा. दाजी त्या संध्याकाळी पेठेतून असे चालले, की नवरदेवाने लाजावं. मीही त्यांच्या मागोमाग तसाच चाललो, उगाच कशाला खोटं बोलू?

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा ताईकडे गेलो होतो. आता गॅस आहे, भिंतीला फरशी आहे. पिठलं उडून तिच्या हातावर आलं तसा मी म्हणालो, "ताई, झाकण ठेव की गं."

ती पातेल्याकडेच बघत म्हणाली, "राहू दे. त्यांना आवडत न्हाई."