चंद्रीची भिंत

सिदोजी मुधोळकडचा. १९५८ साली तो बंगलोरला मल्लेश्वरममध्ये आमच्याकडे माळी म्हणून राहिला, तेव्हा आपली शिकारी कुत्री चंद्री सोबत घेऊन आला. गावाकडे सशामागे मैलभर धावणारी ती. इथे रोज कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारायची आणि शेजारच्यांच्या कोंबड्या फस्त करायची.

"सायेब, भिंत हातभर उंच करा," सिदोजीने माझ्या वडिलांना तीनदा विनवलं.

"कुत्रीसाठी भिंत बांधू? पुन्हा बाहेर दिसली तर दोघंही चालते व्हा."

साखळीला जखडलं तर ही जात झुरून मरते, म्हणून सिदोजीने गावची रीत केली. पळणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवतात तसं लाकडाचं लोढणं तासून तिच्या गळ्यात दोरीने बांधलं. गुरं भिंतीवरून उड्या मारत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. गाठ मारताना दोरीवर बोट मीच धरलं होतं.

दुसऱ्या दुपारी चंद्रीने उडी मारली. लोढणं भिंतीवरच्या सळयांत अडकलं आणि ती पलीकडे लोंबकळत राहिली. सिदोजी कोयता घेऊन धावला, पण तोवर सगळं संपलं होतं.

"अडाणी माणूस," वडील पाहुण्यांना सांगत. सिदोजी खाली मान घालून ऐकायचा.

पुढच्या वर्षी गल्लीत चोऱ्या झाल्या, तेव्हा वडिलांनी भिंत दोन हात उंच करून घेतली. विटा सिदोजीनेच वाहिल्या.