पटाच्या पाठीमागचं लांबडं

किराणा दुकानात उंदीर होतात, कापडाच्या दुकानात कसर लागते आणि खेळांच्या दुकानात किस्से साठतात. उंदरांवर औषध आहे, किश्शांवर नाही. केडगावात माझं दुकान आहे. कॅरम, पत्ते, लुडो, व्यापार, सगळं मिळतं. शाळा मला फारशी मानवली नाही, पण धंद्यात एक गोष्ट लवकर कळली. खोक्यातला नियमांचा कागद कोणी वाचत नाही, आणि भांडण मात्र नियमावरूनच होतं. म्हणून मी प्रत्येक झाकणाला आतून स्टिकर लावायला लागलो: "नियमात अडलं तर फोन करा." खाली दुकानाचा नंबर. वाटलं, गिऱ्हाईक टिकेल. टिकलंही. पण नियम विचारणाऱ्या माणसाचा आवाज इतक्या वेळा घाबरलेला असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

*

एकदा भर दुपारी एका सुनेचा फोन आला. घरात पत्त्यांचं पाच-तीन-दोन चाललं होतं.

"हातात त्या रंगाचं पान असताना सासूबाईंनी हुकूम मारला. चालतं का हो?"

"अजिबात नाही. तो हात तुमचा."

"हळू बोला, त्या शेजारीच बसल्यात. मी आता फोन स्पीकरवर टाकते. चालतं म्हणून सांगा."

"अहो ताई, नियम तुमच्या बाजूचा आहे."

"असू द्या. तुम्ही फोन ठेवून मोकळे व्हाल. मला इथंच राहायचंय."

मी खणखणीत आवाजात सांगितलं, "चालतं!" तिकडून सासूबाईंचा आवाज आला, "बघ, मी काय म्हणत होते? माणूस जाणकार आहे."

*

आमच्याच गल्लीतले एक काका सारीपाट घेऊन गेले, पण फासे माझ्याच काउंटरवर ठेवून. म्हणाले, "घरात फासे आले की महाभारत होतं. आमच्याकडे आधीच भाऊ-भाऊ बोलत नाहीत."

"मग खेळणार कशानं?"

"चिंचोके फोडून. चिंचोक्यांनी कधी कोणाचं राज्य गेलेलं मी तरी ऐकलं नाही."

त्यांचे फासे अजून माझ्याकडे आहेत. विकायला काढावेत तर माझाही हात धजत नाही.

*

पण सगळ्यात जास्त फोन आले ते तिसगावच्या एकाच घरातून. त्या घरातला बाळू सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहतो. एका रविवारी आला आणि म्हणाला, "शेठ, बसल्या जागी खेळता येईल असा एखादा खेळ द्या. वडलांसाठी. फक्त सापशिडी नको."

त्याचे वडील, केरूनाना. थंडीत कडब्याची पेंढी उचलताना त्यांना घोणस चावली होती. नगरच्या दवाखान्यात माणूस मरणाच्या दारातून परत आला. घरी आल्यावर पाय बरा झाला, भूक लागायला लागली, पण नाना ओट्याच्या खाली उतरेनात. रान घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि ते नुसते ओट्यावरून बघत बसायचे.

"आई म्हणती, विष उतरलं पन भ्या न्हाई उतरलं," बाळू म्हणाला. "सुगीपर्यंत रानात उतरले न्हाईत तर जमीन निम्म्या वाट्यानं कसायला देनार हाय मी. शेजारच्या गड्याशी बोलनं झालंय."

"नाना काय म्हणतात?"

"काईच म्हनत न्हाईत. त्याचंच आईला भ्या वाटतंय. ती म्हनती, रान गेलं की ह्यो मानूस खाटंवरनं उठायचा न्हाई."

मी त्याला चांगल्यातला लुडो दिला.

*

आता माझी अक्कल बघा. इतकी वर्षं हा माल विकतोय, आणि लुडोच्या पटाची पाठ कोरी नसते हे त्या दिवशी मला आठवलं नाही. पाठीमागं सापशिडी छापलेली असते!

दुसऱ्या दिवशी हौसामावशींचा, म्हणजे बाळूच्या आईचा फोन आला. आवाज दबलेला. त्यांच्याकडे सापाचं नाव तोंडानं घेत नाहीत, लांबडं म्हणतात. "शेठ, तुमच्या पटाच्या पाठीमागं लांबडी हायेत. ह्यांनी पट उचलला आन तसाच टाकला. घामानं सदरा भिजलाय. खाटंवर पाय वर घिऊन बसल्यात."

मी समोरचा एक लुडो उलटून बघितला. म्हटलं, "मावशी, मागच्या बाजूला जाड कागद चिकटवा. जुनं कॅलेंडर असेल तर ते."

संध्याकाळी पुन्हा फोन. कॅलेंडर चिकटवलं होतं. फक्त त्यावर महादेवाचं चित्र होतं. नानांनी पट उलटा करून बघितला, देवाच्या गळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ह्यो तर घिऊनच बसलाय."

"मग आता?"

"आता पिठाच्या पिशवीचा कागद लावलाय. त्याच्यावर नुसता गहू हाय."

*

पुढचा फोन आला तेव्हा मला वाटलं, सगळं मार्गी लागलं. लुडो रोज चालू होता. मावशींनी विचारलं, "शेठ, सोंगटी घराबाहेर न काढता जिंकता येतं का?"

"म्हणजे कसं?"

"ह्यांना सहा पडतात. लई पडतात. पन सोंगटी काढतच न्हाईत. म्हनत्यात, राहू द्या, घरात बरी हाय. माझ्या चारी सोंगट्या फिरून येत्यात, आन ह्यांच्या तिथंच. मी तरी एकटीनं किती फिरू?"

"मावशी, तसा नियम नाही हो."

"मग करा की एखादा. दुकान तुमचं हाय."

फोन ठेवल्यावर समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि मी त्याला पत्त्यांऐवजी बुद्धिबळ बांधून दिलं.

*

बाळूला हे सांगितलं तर तो हसला नाही. "शेठ, मी तरी कुठला धीराचा? कंपनीत घोट्यापर्यंत बूट घालून उभा राहतो. तरी जमिनीवर वायर पडलेली दिसली की पाय आपोआप उचलतो. सुपरवायझर विचारतो, नाचतोस काय रे?"

"मग आई एकटी रानात जाते ते?"

त्यानं बुटाची नाडी आवळली. मग म्हणाला, "म्हनूनच वाट्यानं देतोय. पुढच्या रविवारी तो गडी बोलायला यायचाय."

*

तिसगावच्या बाजारात मला काम होतं, तसाच त्यांच्या घराकडे वळलो. रस्त्यापासून घरापर्यंत पायवाट, दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढी बाजरी. वारा आला की सगळं रान सळसळायचं. खोटं कशाला बोलू, मी पायवाटेच्या तोंडाशीच थांबलो. आवाज केला की जनावर पळतं असं ऐकलं होतं, म्हणून मी टाळ्या वाजवत निघालो. ओट्यावरून एक म्हातारा ओरडला, "शेठ, टाळ्या कुनाला वाजवताय? त्याला कान नसत्यात. पाय आपटून या."

अशी नानांची आणि माझी ओळख झाली.

चहा झाल्यावर पट मांडला. मावशींच्या आणि माझ्या सोंगट्या निम्मा पट फिरल्या, तेव्हा नानांना सहा पडले. त्यांनी फासा मावशींकडे सरकवला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ करून म्हटलं, "नाना, नवीन नियम आलाय. सहा पडल्यावर सोंगटी काढावीच लागते. नाही काढली तर डाव बाद."

"कुनी काढला ह्यो नियम?"

"कंपनीनं."

नानांनी फासा परत आपल्याकडे ओढला. मग दोन बोटांनी सोंगटी उचलली आणि बाहेर ठेवली. सहाच्या जादा दानानं ती तीन घरं पुढं गेली. मावशींनी पदर तोंडाशी धरला. आणि माझं नशीब असं, की फिरत आलेली माझी सोंगटी बरोबर तिच्या मागं उभी, आणि माझ्या हातून पडलं नेमकं मारायचं दान.

मी गुपचूप दुसऱ्या सोंगटीला हात घातला. नानांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता, पण पकड शेतकऱ्याची.

"ती न्हाई. मारायची ती मारा."

मी मारली. त्यांनी आपली सोंगटी घरात ठेवली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आता पुन्यांदा सहा पडंस्तवर बसा."

*

त्यानंतर काही दिवस फोन आला नाही. मला भलतेच विचार यायला लागले. आणि एका दुपारी हौसामावशीच दुकानात उभ्या. बाळूकडे आल्या होत्या. स्टूलवर बसल्या, पाणी प्याल्या आणि सांगायला लागल्या.

आदल्या दिवशी शेतीपंपाला दिवसाची लाईट होती. गुरांच्या घासाला पाणी सोडलेलं, मोटर बाजरीच्या पलीकडे विहिरीवर. डाव अर्ध्यात आला होता. मावशी म्हणाल्या, मोटर बंद करून येते, आणि गेल्या. मोटर बंद केली, वळल्या, तर बांधावर वाटेतच जनावर पसरलेलं. घोणसच. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. मागं विहीर, पुढं ते.

"पाय जमिनीला चिकटलं, शेठ. आवाज फुटंना. किती येळ उभी हुते, मला ठावं न्हाई. आन मग बाजरी हलाय लागली. वारा न्हाई, काई न्हाई, आन बाजरी हलतीय. माझ्याकडंच येतंय काईतरी. म्हनलं, आता संपलं."

"मग?"

"मग ह्ये बाहेर आलं. पायात काई न्हाई, हातात काठी न्हाई. मूठ तेवढी आवळलेली. मला म्हनले, डाव तुझा हाय, आन हितं काय करतीस? मी नुसतं डोळ्यानं दावलं. त्यांनी बघितलं. तोंड पांढरंफक झालं. पन हाललं न्हाईत. माझ्याशेजारी यून उभं राहिलं. आमी दोघं बी तसंच उभं, त्ये दगडात जाईस्तवर."

मावशींनी स्टूल जवळ ओढलं.

"मग त्यांनी बाजरीचं एक कणीस तोडलं, तळहातावर चोळलं, फुंकलं आन तोंडात टाकलं. म्हनले, बाजरी भरलीय. रविवारी तो गडी आला तर त्याला सांग, काढनीला ये, रोजानं. वाटा न्हाई."

मी विचारलं, "मावशी, एक विचारू? ते जनावर खरंच होतं, की नानांनी यावं म्हणून तुम्हीच थांबलात?"

मावशींनी पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि काउंटरवरच्या फाशांच्या बरणीकडे बघितलं.

"शेठ, फासा द्या. कणीस चोळताना ह्यांच्या मुठीतनं बाजरीत पडला."

मी एक काढून दिला.

"दोन द्या," मावशी म्हणाल्या. "फासा मुठीत घिऊनच रानात जायचं म्हनत्यात. उद्या पुन्यांदा पडंल."