मॅग्नॅनिमस

आमच्या मंगरूळपीरच्या स्मशानात चिता पेटली की लोक सिमेंटच्या ओट्यावर बसतात आणि शोकसभा होते. तिथे इंग्रजीचे एक निवृत्त सर हमखास बोलतात. घसा साफ करतात, चष्मा काढतात आणि सांगतात, "गेलेला माणूस मॅग्नॅनिमस होता."

मी कोश पाहिला. चुकलेल्याला, अगदी हरलेल्या शत्रूलाही मोठ्या मनाने माफ करणारा, असा त्याचा अर्थ. शेजाऱ्याची बकरी कोंडवाड्यात घालून आलेल्या गृहस्थालाही सरांनी तो शब्द लावला होता. अर्थ कुणी विचारत नसे. पण सरांनी तो उच्चारला नाही तर विधीत काहीतरी राहून गेले, असे घरच्यांना वाटे.

मग सरांचा धाकटा भाऊ वारला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांत वर्षानुवर्षे अबोला होता. त्या दिवशी ओट्यावर बसायला जागा नव्हती. सर भावाला मॅग्नॅनिमस म्हणतात की नाही, हे सगळ्यांना ऐकायचे होते.

सर उठले. चष्मा डोळ्यांवरच राहिला.

"लय कडू होता माहा भाऊ," ते म्हणाले. "आता भांडाले कोनी नाही राह्यलं." आणि खाली बसले.

नंतर नळावर हातपाय धुताना पुतण्याने त्यांना गाठले. "मोठेबाबा, गावातल्या सगळ्याइले तो शब्द लावता तुमी. माह्या बाबालेच काहून नाही?"

"तो अनोळखी मानसासाठी हाय, बापू," सर म्हणाले. "त्याले तं मी ओळखत होतो."