शेठजी गाडीपुढे उभे राहिले नाहीत

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. साठ सालच्या आसपास मी अकोल्यात फौजदार होतो. कापसाच्या एका जिनिंगच्या शेठजींची फिर्याद आली : ड्रायव्हरने दारूच्या नशेत चालू गाडी गिअरमध्ये टाकली आणि बॉनेट लावायला पुढे गेला, गाडी भिंतीवर आदळून नुकसान झालं. गाडी आणि भिंतीमध्ये त्याचा पाय चिरडला, हे शेवटी एका ओळीत.

आमच्या हवालदाराने पंचनाम्यात 'तोंडास दारूचा वास येत होता' हे ठरलेलं वाक्य टाकलं होतं. वास घेतला होतास का, विचारलं तर म्हणतो, "शेठजीच सांगून राहिले होते ना, साहेब." त्याला मी सगळ्या ठाण्यासमोर फैलावर घेतलं.

दवाखान्यात ड्रायव्हरचा पाय गुडघ्याखाली कापला होता. तो म्हणाला, "पाय गेला तं गेला, साहेब. पन दारू? म्या छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून थेंबाले शिवलो नाई. गाडी बंद करून मी बॉनेट उघडून पाहून राहिलो होतो. शेठजीनं खिडकीतून हात घालून चावी फिरवली."

शेठजी मात्र निर्धास्त होते. गाडी अमेरिकन, बिनक्लचची, गिअर आपोआप बदलणारी. गिअरचा दांडा न्यूट्रलवर नसेल तर असं इंजिन चालूच होत नाही, ही कंपनीची सोय. तेव्हा चावी कोणीही फिरवली तरी गाडी उडी घेणं शक्य नाही, असा जबाब त्यांनी सहीनिशी दिला.

दोन दिवसांनी गाडीचा मिस्त्री ठाण्याच्या मागच्या दाराने आला. "स्टेअरिंगखालची वायर पाहा, साहेब," म्हणाला. दांड्याचा सांधा झिजल्यामुळे न्यूट्रलवरही गाडी चालू होईना. सांधा बदलायला त्याने चार दिवस मागितले होते. शेठजींना अमरावतीला लग्नाला जायचं होतं, म्हणून त्यांनी वायर डायरेक्ट करायला, म्हणजे ती सोय वगळून सरळ चावीला जोडायला लावली. कंपनीची सोय निकामी झाली. आता दांडा गिअरमध्ये राहिला असला तरी चावी फिरवताच गाडी चालू होऊन उडी घेत होती.

"आणि तू करून दिलंस?" मी ओरडलो.

"शेठजीले नाई कोन म्हनते, साहेब?" तो म्हणाला. लेखी जबाबाचं नाव काढताच ढुंगणाला पाय लावून पळाला.

मी गाडी ठाण्याच्या आवारात आणवली आणि शेठजींना बोलावलं. त्यांच्यादेखत दांडा पुढच्या गिअरवर ठेवला आणि ड्रायव्हरच्या जागी बसलो. बॅटरीची तार मी आधीच काढून ठेवली होती, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"शेठजी, गाडीपुढे उभे राहा. मी चावी फिरवतो."

"मी कायले?"

"गाडी चालूच होणार नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. मग भीती कसली?"

मी चावीला हात लावला, तसे ते बाजूला उडाले. "थांबा साहेब! वायर डायरेक्ट हाय!"

आवारात माझे शिपाई, पंच, सगळे उभे होते. त्याच दिवशी जिनिंगच्या दोन हमालांनी तोंड उघडलं : शेठजींचा हात खिडकीतून आत गेलेला त्यांनी पाहिला होता. मग मिस्त्रीही जबाब द्यायला आला.

कोर्टाने शेठजींना दंड केला. एका माणसाच्या पायासाठी फक्त दंड! ते पैसे भरून, पान चघळत, नव्या ड्रायव्हरच्या गाडीत बसून गेले. गरिबावर आळ घ्यायचा तर दारूइतका स्वस्त आळ दुसरा नाही, आणि तो आम्ही पोलीसच फुकटात लिहून देतो, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढे माझ्या ठाण्यात ते वाक्य डॉक्टरच्या दाखल्याशिवाय कोणाला लिहू दिलं नाही.

निकालाची नक्कल घेऊन मी दवाखान्यात गेलो; जखम चिघळल्याने जुना ड्रायव्हर अजून तिथेच होता. 'दारूचा आरोप खोटा' ही ओळ त्याला हळूच वाचून दाखवली. तो कोपरावर उठून बसला.

"मोठ्यानं वाचा ना, साहेब," तो म्हणाला. "साऱ्या वार्डाले आयकू द्या."