झुंबरबाईचा हात

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, संध्याकाळचा भोंगा झाला की कामकरी बाया फाटकाशी रांग धरत आणि झुंबरबाई त्यांची झडती घेई. अंबाडा, कंबर, ओटी. कुठंही लपवलेला कापूस तिच्या हातातून सुटत नसे. शेजारच्या रुखमाबाईच्या ओटीतला मूठभर कापूसही तिनंच काढून दाखवला. देवाच्या वातींपुरता होता, पण रुखमाबाईचं काम गेलं. तेव्हापासून आळीत झुंबरबाईला कुणी हळदीकुंकवालाही बोलावेना.

पुढं रुखमाबाईची सून शारदा गरोदर राहिली. सातव्या महिन्यात रुखमाबाई आपणहून दारात आली.

"झालं गेलं जाऊ दे वं. शारदाची ओटी भराले ये."

झुंबरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. तिनं शारदाच्या ओटीत गहू घातले, नारळ ठेवला आणि सवयीनं तिचा हात पोरीच्या कमरेभोवती चाचपत फिरला.

सगळ्या बाया त्या हाताकडं पाहू लागल्या.

"सापडलं का वं माय काही?" रुखमाबाईनं विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. शारदानं नारळ काढून झुंबरबाईच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, तशी झुंबरबाई नेहमीसारखी झडतीला फाटकाशी उभी राहिली.